ओझे ढकलण्याची रीत आणि पाठीचे रक्षण

व्यापाऱ्याच्या वहीत मालाच्या प्रत्येक पोत्याची नोंद असते. ते कोणाकडून आले, कोणत्या भावाने आले, तूट किती निघाली, हमाली किती पडली, हे सर्व आपण काटेकोरपणे लिहून ठेवतो. परंतु ते पोते ट्रकपासून थप्पीपर्यंत आणि थप्पीपासून गिऱ्हाइकाच्या गाडीपर्यंत ज्या पाठीच्या जोरावर गेले, त्या पाठीची झीज कोणत्याच खात्यावर पडत नाही. ती एके दिवशी एकदम उघड होते. वर्षानुवर्षे इमानाने काम केलेला हमाल सकाळी अंथरुणावरून उठू शकत नाही. किंवा एखाद्या पेढीचा तरुण मालक कोपऱ्यातील पिंप सरकवताना कमरेवर हात ठेवून जागच्या जागी थांबतो. “उसण भरली” एवढे म्हणून आपण शेक-लेप करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रीतीने तेच पिंप सरकवू लागतो.

बेळगाव, निपाणी, चिकोडीपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत आपल्या बांधवांचा व्यापार धान्य, गूळ, तंबाखू, कापड, भांडी, लोखंड अशा वजनदार मालाचा आहे. यंत्रे आली असली तरी गुदामातील शेवटची पन्नास पावले अद्याप बहुधा माणसाच्याच बळावर चालतात. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही दोन गोष्टी मांडू इच्छितो. जड माल ढकलण्या-ओढण्याची योग्य रीत कोणती, ही पहिली. ती रीत पाळता येईल अशी फरशी, अशी चाके व असे बेताचे ओझे पुरविणे हे काम करवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, ही दुसरी. या दोहोंत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, असे आमचे मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

कमरेवर भार कसा पडतो

कमरेच्या भागात पाच मणके असतात आणि दर दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी एक चकती असते. तिचा बाहेरील भाग चिवट तंतूंच्या वेढ्यांचा, तर आतील भाग मऊ व पाणीदार असतो. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यामुळे तिला इजा झाली तर ती भरून येण्यास फार वेळ लागतो. फाटलेल्या वेढ्यांतून आतील मऊ भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर टेकला, की कळ नितंबातून पायापर्यंत उतरते.

हा भार इतका का वाढतो, हे समजण्यास वखारीतील जुन्या दांडीच्या काट्याची आठवण करावी. त्या काट्यात लहानसे वजन दांडीवर दूर सरकविले, की ते मोठ्या ओझ्याला तोलून धरी. पुढे वाकलेली पाठ ही तशीच दांडी होय. हातातील ओझे कण्यापासून हात-दीड हात दूर असते आणि त्यास तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मागे अवघ्या काही बोटांच्या अंतरावर असतात. म्हणून थोड्याशा ओझ्यासाठीही स्नायूंना त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो आणि तो सारा दाब चकतीवर येतो.

हे केवळ अनुमान नाही. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेम्सन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून तेच काम अधिक बारकाईने केले. त्यांच्या मापनात सरळ उभे राहताना पडणारा दाब एक पट धरला, तर २० किलोचे ओझे पाठ वाकवून उचलताना तो साडेचार पटींहून अधिक झाला. गुडघ्यांत वाकून उचलताना तो सुमारे साडेतीन पट भरला आणि तेच ओझे अंगाशी धरून उभे राहिल्यावर सव्वादोन पटींच्या आसपास राहिला. ओझे तेच, माणूस तोच. रीत बदलली आणि दाब बराच कमी झाला.

उचलण्याऐवजी चाक

यावरून पहिला बोध असा की, जे ओझे चाकावर जाऊ शकते ते पाठीवर जाऊ देऊ नये. सपाट व टणक फरशीवर, चांगल्या चाकांची गाडी चालती ठेवण्यास तिच्या एकूण वजनाच्या साधारण शंभरात दोन हिश्शांइतका जोर पुरतो. म्हणजे ४०० किलोची भरलेली गाडी आठ किलोच्या जोराने चालते. तेच ओझे पोत्यापोत्याने पाठीवरून न्यायचे झाल्यास पन्नास किलोच्या आठ खेपा पडतात.

मात्र तीच गाडी उखडलेल्या फरशीवर किंवा मऊ मातीत आली, की दोन हिश्शांचे दहा हिस्से होतात आणि आठ किलोंचे चाळीस. बारा फुटांत एक फूट चढणारा उतार मध्ये आला, तर केवळ त्या चढासाठीच ३३ किलोचा जोर अधिक लागतो. जमीन चांगली असूनही एकूण आकडा ४१ वर जातो. यावरून हमालाच्या दमण्याचे कारण पुष्कळदा गाडीवरील मालात नसून गाडीखालील जमिनीत असते, हे ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उभी गाडी हलविण्यास जो जोर लागतो, तो चालती गाडी चालविण्यास लागणाऱ्या जोराहून अधिक असतो. आणि भरधाव गाडी एकाएकी थांबविण्यासही तसाच मोठा जोर पडतो. कमरेला इजा होण्याचा संभव या दोन क्षणी अधिक असतो. म्हणून वारंवार थांबत, वळत, अडथळे चुकवीत जाणारी वाट ही लांब परंतु सरळ वाटेपेक्षा कमरेस अधिक जाचक ठरते.

ढकलावे की ओढावे?

सामान्य नियम असा: जेथे पुढचे दिसते आणि गाडीवर ताबा राहतो, तेथे ढकलावे. ढकलताना शरीराचे वजन आपोआप कामास येते, पायांचे मोठे स्नायू जोर देतात, दोन्ही हात सारखे लागतात आणि दृष्टी वाटेवर राहते. ओढताना माणूस बहुधा गाडीकडे पाठ करून एका हाताने दांडी मागे धरतो. त्यायोगे खांदा मागे ताणला जातो, कमर पिळली जाते आणि गाडी टाचेवर येण्याचे भय राहते. गाडीकडे तोंड करून उलट पावली ओढल्यास पीळ टळतो. पण मागची वाट दिसत नाही.

याचा अर्थ ढकलणे सर्वथा निर्धोक आहे असा नव्हे. त्यातही कमरेच्या मणक्यांवर आडवा ताण येतो; दांडी फार खाली किंवा फार वर असेल तर तो वाढतो. शिवाय काही प्रसंगी ओढणेच योग्य असते. दोनचाकी ट्रॉली उंबरठ्यावरून अथवा पायरीवरून वर घ्यावयाची असता ती मागे ओढून घ्यावी. भिंतीला लागून असलेली गाडी बाहेर काढताना प्रथम दोन-चार पावले ओढावी लागते; ती तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी ओढावी आणि मोकळी जागा मिळताच मागे जाऊन ढकलू लागावे. रस्त्यावरील लांब हातगाडीला दिशा देण्यासाठी पुढे माणूस लागतो, हेही खरे. तेथे पुढच्याने दिशा सांभाळावी आणि जोर मागच्यांनी लावावा.

ढकलण्याची रीत

प्रथम वाट पाहावी. सुतळीचे तुकडे, सांडलेले दाणे, ओली फरशी, मध्येच ठेवलेला डबा हे आधी दूर करावे. गाडीवरील माल डोळ्यांच्या पातळीहून खाली असावा आणि जड माल तळाशी असावा.

दांडी कमर व खांदा यांच्या मधल्या उंचीवर धरावी. कोपर किंचित वाकलेले व अंगाजवळ असावे. एक पाय पुढे व एक मागे ठेवून गुडघे थोडे सैल करावे. पाठ तिच्या स्वाभाविक बाकात ठेवावी. ती कुबडीसारखी गोल होऊ देऊ नये. मग सर्व शरीर गाडीकडे झुकवून मागच्या पायाने जमिनीला रेटा द्यावा. हातांचे काम रेटा पोचविण्याचे आहे, रेटा उत्पन्न करण्याचे काम पायांचे आहे. जोर हळूहळू वाढवावा. हिसका मुळीच देऊ नये. दोन प्रयत्नांत गाडी हलली नाही, तर तिसऱ्याने अधिक जोर करू नये. चाकाखाली काय आले आहे ते पाहावे, माल कमी करावा किंवा सोबत्याला हाक मारावी.

गाडी चालू लागल्यावर नेहमीच्या चालीने चालावे, धावू नये. वळताना कंबर न पिळता पावले वळवावी. थांबावयाचे ठिकाण येण्यापूर्वीच रेटा कमी करावा, म्हणजे गाडी आपोआप मंदावते. दोनचाकी ट्रॉली उतारावरून चढविताना वा उतरविताना माणसाने नेहमी उताराच्या वरच्या अंगास राहावे. चारचाकी जड गाडी उतारावर एकट्याने नेऊ नये. माल निम्मा करून दोघांनी न्यावी आणि ती खाली येताना तिच्या वाटेत कोणीही उभे राहू नये.

बिनचाकी वस्तू सरकविणे याहून कठीण असते. कपाट, शीतपेटी, भरलेले पिंप फरशीवर सरकविण्यास घर्षणामुळे त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका, कित्येकदा त्याहूनही अधिक जोर लागतो. अशा वेळी प्रथम ती वस्तू रिकामी करावी. मग तिच्याखाली गोणपाट वा जाड सतरंजी सरकवावी किंवा लोखंडी नळ्यांचे रूळ घालावे. दिवाळीच्या साफसफाईत घरातील स्त्रिया जड कपाटे व धान्याच्या कोठ्या एकट्याने हलवितात. हा नियम त्यांच्यासाठीही तितकाच अगत्याचा आहे.

वेळेचाही विचार करावा. रात्रभर निजल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांना अधिक बाधतो. आपल्या बाजारात माल पहाटेच उतरतो. म्हणून उठल्याबरोबर थेट ट्रकखाली जाण्यापूर्वी थोडे चालावे-फिरावे आणि आरंभी हलका माल घ्यावा. रात्रभर गाडी हाकून आलेल्या चालकाने, किंवा चार तास गादीवर बसलेल्या मुनिमाने, उठताक्षणी जड वस्तूला हात घालू नये, हेही त्याच न्यायाने.

उपदेश पुरेसा का नाही

येथपर्यंत वाचून एखादे सभासद म्हणतील की, हे नियम मोठ्या अक्षरांत लिहून गुदामात लावले म्हणजे झाले. दुर्दैवाने अनुभव तसा नाही. ओझी हाताळणाऱ्या कामगारांना दिलेल्या शिकवणीवरील निरनिराळे अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या शिकवणीने पाठदुखी टळते असा पुरावा त्यात आढळला नाही. कमरेच्या पट्ट्याचीही तीच कथा. अमेरिकेत किरकोळ विक्रीच्या दुकानांतील नऊ हजारांहून अधिक नोकरांची दोन वर्षे पाहणी झाली. पट्टा वापरल्याने पाठीच्या दुखापती कमी होत नाहीत, असा तिचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. पट्ट्याने धीर येतो हे खरे. परंतु तो धीर माणसाला अधिक ओझे उचलण्यास लावील, तर लाभाऐवजी हानीच व्हावयाची.

याचे कारण उघड आहे. चाक अडकलेली गाडी, चढाची वाट आणि ट्रक लवकर मोकळा करण्याची घाई या तिन्ही गोष्टी कायम असता, पाठ सरळ ठेवण्याचा नियम कोण पाळू शकेल? हमाल रीत जाणत नाही असे नाही. पुष्कळदा त्याला रीत पाळण्यास जागाच उरत नाही. ती जागा करून देणे मालकाच्या हाती आहे.

आणि ते मोजता येते. पोते टांगून तोलावयाचा स्प्रिंगचा काटा बहुतेक पेढ्यांत सापडतो. तो भरलेल्या गाडीच्या दांडीला अडकवून आडवा ओढावा आणि गाडी हलताना व चालताना काटा किती दाखवितो ते पाहावे. ब्रिटनच्या औद्योगिक सुरक्षा खात्याने दिलेले मार्गदर्शक आकडे असे आहेत: पुरुषाकरिता गाडी हलविण्यास किंवा थांबविण्यास २० किलो व चालती ठेवण्यास १० किलो; स्त्रियांकरिता अनुक्रमे १५ व ७ किलो. या मर्यादा कायद्याच्या नव्हेत. त्यांच्या आत धोका थोडा असतो आणि त्या ओलांडल्या तर कामाची रीत नीट तपासावी, एवढाच त्यांचा अर्थ. आपण माल रोज तोलतो. वर्षातून एकदा श्रमही तोलावे, अशी आमची विनंती आहे.

काटा अधिक दाखवू लागला तर उपाय फार खर्चाचे नसतात. चाकांतील सुतळी व चिंध्या काढून बेअरिंगला ग्रीस द्यावे. लहान चाकांच्या जागी मोठी बसवावीत, कारण मोठे चाक फरशीच्या सांध्यात अडकत नाही. फुटलेली फरशी बदलावी. उंबरठ्यावर जाड लोखंडी पत्र्याचा सौम्य उतार करावा. दांडी फार खाली असेल तर वाढवून घ्यावी. पावसाळ्यात दाराशी गोणपाट अंथरावे. रोज लागणारा जड माल कमरेच्या उंचीवर व दाराजवळ ठेवावा. आणि गाडीवर किती पोती घालावयाची याची खूण रंगाने करून ठेवावी, म्हणजे घाईच्या दिवशीही ती ओलांडली जाणार नाही.

अतिभाराचा विचार

आपल्या वाचकांना एका गोष्टीचे स्मरण करून देणे येथे अप्रस्तुत ठरणार नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत बंध, वध, छेद आणि अन्नपाननिरोध यांच्या पंक्तीस ‘अतिभारारोपण’ हाही एक अतिचार आहे. पेलण्याजोग्या भाराहून अधिक भार जिवावर लादणे, हा त्याचा अर्थ. परंपरेने त्याचा विचार प्रामुख्याने बैलासारख्या भारवाही प्राण्यांच्या संदर्भात होत आला, कारण त्या काळच्या व्यापाऱ्याचा माल त्यांच्याच पाठीवरून जाई. आज बैलाची जागा पुष्कळ ठिकाणी माणसाने घेतली आहे. तेव्हा मुक्या जनावरासाठी घातलेली मर्यादा बोलत्या माणसासाठी शिथिल होते, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. माणूस बोलू शकतो हे खरे. परंतु दिवसाच्या हमालीवर ज्याचे घर चालते, तो “ओझे जास्त आहे” असे सहसा बोलत नाही.

व्यवहाराच्या जगानेही हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल ओझ्यासंबंधीचा १२७ क्रमांकाचा करार संमत केला. ज्या ओझ्याच्या वजनाने आरोग्यास अथवा सुरक्षिततेस धोका पोचेल, ते कोणाही कामगारास वाहावयास लावू नये, असे त्याचे मुख्य तत्त्व आहे. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा दिला असून, स्त्रियांसाठी व अल्पवयीनांसाठी मर्यादा त्याहून बरीच कमी असावी असे म्हटले आहे. भारताने या कराराला २०१० साली मान्यता दिली. शंभर किलोची पोती पाठीवरून नेण्याची जुनी चाल शौर्याची मानली जाई. ती मुळात अनावश्यक होती, हे आता मान्य व्हावयास हरकत नाही.

दुखू लागल्यास

सर्व काळजी घेऊनही कमर धरली, तर घाबरू नये. बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत कमी होते. दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता वैद्यक देत नाही. जमेल तितके हिंडते-फिरते राहावे आणि हलक्या कामापासून पुन्हा आरंभ करावा, असेच सांगितले जाते. यासाठी पेढीनेही त्या माणसाला काही दिवस हलके काम द्यावे. अन्यथा रोजगार बुडेल या भीतीने तो दुखणे लपवितो आणि मग ते बळावते. मात्र लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेभोवती बधिरता येणे, पाय लुळा पडत जाणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, किंवा दुखण्यासोबत ताप असणे, हेही डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे.

आपण दरवर्षी दिवाळीत वहीपूजन करतो. वजने व काटे तपासून त्यांवर सरकारी शिक्का घेतो, कारण खोट्या मापाने गिऱ्हाइकाचे नुकसान होते. त्याच सुमारास प्रत्येक पेढीने आपल्या गाड्यांची चाके, गुदामाची फरशी आणि दांड्यांची उंची एकदा तपासावी. तो काटा दांडीला लावून आलेले आकडे नव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत आणि पुढील वर्षी ते कमी झाले की नाहीत ते पाहावे. हे करताना जे गाडी ढकलतात त्यांनाच प्रथम विचारावे. कोणते चाक अडते आणि कोठे जोर पडतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. एवढे झाले तर पेढीचा माल वेळेवर हलेल आणि तो हलविणारी माणसे म्हातारपणीही आपल्या पायांनी चालत बाजारात येतील.